अडतीस पेट्या कातळ

आमच्या सोसायटीतले देवतळेकाका दगड चाटतात. चोरून नव्हे, पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. आधी जिभेचं टोक लावतात, मग भिंगातून पाहतात आणि म्हणतात, "ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही जी."

विश्रांतवाडीच्या आमच्या इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडं आणि तितकीच पार्किंगं. सत्तावीसमध्ये गाड्या आहेत. चौदा नंबरात काकांच्या अडतीस लाकडी पेट्या. प्रत्येक पेटीत मीटरभर लांबीच्या दगडी कांड्यांच्या पाच ओळी, म्हणजे एकूण एकशे नव्वद मीटर कातळ. मी टेप लावून खात्री केली आहे. काका मूळचे यवतमाळचे. धरणाच्या जागी बोअर मारून खालचा खडक तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. या कांड्या त्याच बोअरमधल्या. खात्याने टाकायला काढल्या तेव्हा काकांनी रीतसर मागून घेतल्या. परवानगीचा कागद मी पाहिला आहे.

तरीही सेक्रेटरी या नात्याने मी फलकावर लिहिलं, "दगड हे वाहन नाही." दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने उत्तर होतं, "आपली स्कूटरही दोन वर्षं हललेली नाही." विषय संपला.

काकांना एकच ध्यास. कारखान्यांच्या धुरातला कार्बन वायू पकडायचा, पाण्यात मुरवायचा आणि खोल कातळात सोडायचा. तिथे त्याचा पांढरा दगड होतो आणि तो परत वर येत नाही. "कातळ आपल्या पायाखाली आहे, वायू डोक्यावर आहे. हे काम जाणणारी माणसं कुठं आहेत? देशाला माणसं लागतील जी!"

मग ती माणसं काका स्वतःच तयार करू लागले. लिफ्ट दुरुस्तीला आलेल्या माणसाने तासभर कातळाचे थर ऐकले. लिफ्ट संध्याकाळी चालू झाली. माझी पत्नी मंडईतून परतताना तोंडी परीक्षेत सापडली आणि नापास होऊन घरी आली. "अहो, पुन्हा बसायला सांगितलंय," ती म्हणाली. "रविवारी!" मी स्वतः हातभर कांडीतली छिद्रं मोजून दिली. दोनशे बारा. काका म्हणाले, "मोजली बरोबर. पण चाटून कुठं पाहिलं? नापास."

अशात एका कॉलेजात नेमका याच विषयाचा वर्ग निघाला. मुलांना हाताळायला खऱ्या कांड्या हव्या होत्या. काकांनी आपणहून पत्र लिहून सगळ्या पेट्या देऊ केल्या. टेम्पो तीनदा आला आणि तीनदा रिकामा गेला. पहिल्यांदा पेट्या दमट होत्या, दुसऱ्यांदा पितृपक्ष होता, तिसऱ्यांदा काकांची कंबर धरली होती. कंबर धरलेले काका मला त्याच दुपारी जिन्यात भेटले, दोन पायऱ्या एकदम चढताना.

चौथ्या वेळी टेम्पोबरोबर शिकवणाऱ्या मॅडमच आल्या. तिशीच्या असतील. "काका, उद्या वर्ग सुरू होतोय. आज नाही मिळाल्या तर मुलं फोटो पाहून शिकतील."

काका स्टुलावर बसून राहिले. मॅडमनी एक कांडी उचलली, जीभ लावली आणि भिंग मागितलं.

"पास," काका हळूच म्हणाले. "न्या."

पावती करायची म्हणून मी पेट्या मोजू लागलो. प्रत्येक ओळीच्या डोक्याशी रंगाने खोली लिहिलेली. गोल, ठसठशीत अक्षर. साताला लहानशी शेपटी. विसाव्या पेटीत मात्र शहाण्णव ते शंभर मीटर हे पाच आकडे वेडेवाकडे. त्यापुढे पुन्हा तेच गोल अक्षर.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"वाकडं माझं. बाकी सगळं हिचं. माझं अक्षर साहेबांना लागत नव्हतं, म्हणून कॅम्पवर हीच लिहायची. तेवढे पाच मीटर ती बाळंतपणाला माहेरी होती."

काकू जाऊन सहा वर्षं झाली. मग काकांनी मॅडमना विचारलं, "आता यावर तुमचे ते बारकोड चिकटवाल ना?"

"हो, प्रत्येक ओळीवर."

"माझ्या पाच मीटरवर खुशाल चिकटवा," काका म्हणाले आणि खिशात भिंग शोधू लागले. भिंग मॅडमच्या हातात होतं.

मी पावती लिहिली. पेट्या अडतीस, ओळी एकशे नव्वद. खाली एक ओळ वाढवली: 'पेट्यांवरील मूळ अक्षर झाकू नये. बारकोड बाजूला लावावा.' मॅडमनी वाचून सही केली.

काकांनी पावती घेतली आणि बराच वेळ निरखली. आजवर त्यांनी मला कशातही पास केलेलं नव्हतं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे जी," ते म्हणाले.