टिपणिसांचं पथ्य

गळू झालेल्या माणसाचं अभिनंदन करणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे भाऊराव टिपणीस. मुलुंडला आमच्या खालच्याच बिऱ्हाडात राहायचे. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची दाढ ठणकली, की हे हजर. सुजेवर बोट दाबायचं आणि समाधानाने म्हणायचं, "छान. शरीर कामाला लागलंय."

माझा अंगठा उंबरठ्याला ठेचकाळला तेव्हा हा सोहळा मीही भोगला.

"दुखतंय?"

"दुखतंय हो. दाबू नका."

"लाल आहे, गरम आहे, सुजलंय, दुखतंय. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे तुमची."

भाऊराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि शरीर हीसुद्धा एक कचेरीच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. लागलं की शरीर तार करतं. रक्त मदतीला धावतं. माणसं जमली म्हणून सूज, काम चालू म्हणून गरम, आणि मालकाने लक्ष द्यावं म्हणून दुखणं. "आलेल्या माणसांना नीट खायला घाला, ती काम उरकून जातील." खायला म्हणजे ओली हळद, मेथी, पालेभाजी, अळशीची चटणी. तळलेलं, गोड आणि आंबट यांना मज्जाव. ही विद्या त्यांनी कुठे मिळवली हे कुणी विचारलं नाही. ते इतक्या खात्रीने बोलत की विचारणाराच अडाणी ठरला असता. सूज उतरली की श्रेय अळशीला. नाही उतरली तर, "तुम्ही चोरून भजी खाल्ली असणार." असा सिद्धांत कधी हरत नाही.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "मग काहींची सूज वर्षानुवर्षं का राहते?"

"काम संपलं तरी माणसं घरी जात नाहीत. रिकामी बसतात आणि कचेरीचंच फर्निचर मोडतात," ते म्हणाले, आणि उठून गेले. एरवी ते असे लवकर उठणारे नव्हते.

माईंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, दोन्ही गुडघे संधिवाताने सुजत. आधी देवळात जाणं सुटलं, मग बाजार, मग शेजारपाजार. हिंडत्या-फिरत्या राहा, नाहीतर सांधे आखडून कायमच्या खाटेला खिळाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माई "उद्यापासून" म्हणत आणि भिंतीला टेकून बसून राहत.

भाऊरावांनी घरातली चिंच, कोकम बंद केली. कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी तर स्वतः जिना चढून आमच्याकडे आणून ठेवली. "घरात नजरेसमोर नको," म्हणाले.

काही दिवसांनी भर दुपारी माई कठडा धरून, दर पायरीला थांबत वर आल्या.

"इंदू, ती बरणी बघू गं जरा. बुरशी तर नाही ना आली?"

माझ्या बायकोने बरणी उघडली. माईंनी आधी बोटभर खार चाखला, मग एक फोड, मग आणखी एक. बुरशी नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करावी लागली. मग रोजच. कायदा करणाऱ्याच्या घरातच चोरी होते याची मला फार गंमत वाटत होती. इंदूला मात्र दया आली.

"फोडीभर लोणच्यासाठी किती कळ सोसतात त्या. मीच वाटी नेऊन देते खाली."

तिने दिली. संध्याकाळी भाऊराव तीच वाटी घेऊन वर आले. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्यात ओल्या हळदीचे तुकडे होते. आता आंबटावर व्याख्यान ऐकायचं, या तयारीने मी बसलो.

"माई इथे येऊन खातात, यात आमचा दोष नाही हं," मी आधीच सांगून टाकलं.

"ठाऊक आहे. पदराला मोहरीचा वास येतो. नाक आहे मला."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर थांबली असती." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मी हात जोडून पाहिले. दाराबाहेर पाऊल टाकेना. लोणच्यासाठी चढते हो."

"आणि आंबटाने सूज वाढली तर?"

"रात्री आंबेहळदीचा लेप लावतो मी. सुजेचं मी बघून घेईन." मग इंदूकडे वळून म्हणाले, "वहिनी, वाटी तेवढी खाली पाठवू नका. बरणी संपत आली की मला सांगा, कैऱ्या आणून देतो. खार जरा जास्त ठेवा. तिला खार आवडतो."

जिना उतरताना ते मध्येच थांबले. दोन्ही हातांनी कठडा धरून हलवून पाहिला, पक्का आहे ना म्हणून. मग खाली आपल्या दारात पोहोचल्यावर चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सांगून आलोय त्यांना. या घरात आंबट चालणार नाही."