पानबंदी मोडिली त्याची बखर

श्री. ज्या अज्ञात कारागिराने राजा, राणी आणि गुलाम एकाच मापाचे कापोन एका जुडीत बांधिले, त्यास आधी मुजरा. साहेबीं आज्ञा केली की, ऑनलाईन पोकरावर बंदी घालावयाची मसलत कैसी उठली आणि कैसी बसली ते आदिअंत लिहोन काढणे. त्यावरून जैसे पाहिले, जैसे ऐकिले, तैसे लिहितो. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्यात स्वस्थता होती, आणि रयत हातीं मोबाईल नामे यंत्र बाळगोन त्यात पत्त्यांचा एक खेळ खेळत असे, त्यास पोकर म्हणत. खेळ ऐसा की, प्रत्येकास दोन पाने झाकोन मिळावी, पाच पाने मध्ये उघडी पडावी, आणि ज्याची जुळणी भारी त्याने डाव न्यावा. परंतु हातीं काही नसतां भारी पाने असल्याचा आव आणिला आणि समोरचा भिऊन पळाला, तरी डाव आपलाच. या आव आणण्यास थाप म्हणत. समोरच्याने "दाखवा" म्हटले की मात्र पाने उघडी करणे भाग पडे.

ऐसे असतां मुख्य प्रधान वीरभद्रराव यांणी उन्हाळ्यात थोर मेजवानी केली, आणि भोजनोत्तर आपले तीर्थरूप रणांगणी कैसे पडले ते सांगावयास उभे राहिले, आणि तीर्थरूपांनी प्राण सोडिला त्याच क्षणी पंगतीतून आरोळी उठली, "आला! एक्का आला!" आणि तिघे सरदार यंत्रे उंच धरून परस्परांस आलिंगन देते जाहले. प्रधानांनी डोळे पुसले, पागोटे सारखे केले आणि दुसरे दिवशी बंदीचा मसुदा सभेपुढे ठेविला. मसुद्यात लिहिले की, यंत्रात अथवा यंत्राबाहेर कोणी पाने पिसू नयेत, वाटू नयेत, झाकून ठेवू नयेत. ऐसे करील त्याचे यंत्र आणि पाने सरकारजमा होतील.

आता राजधानीत दमयंतीबाई राजाध्यक्ष म्हणोन एक बाई राहात. मुलींच्या शाळेच्या थोरल्या बाई होत्या, निवृत्त जाहल्या होत्या, बाणा करडा, आणि दुपारी जेवण उरकले की यंत्र उघडून पोकर खेळत. त्यांचे यंत्रातील मेजावर दूर बंदरातला बुधाजी तांडेल नित्य येई. हा गलबताच्या डोलकाठीवरून पडला तो अंथरुणास खिळला, सारा देह निजला, उजव्या हाताचा अंगठा तेवढा जागा राहिला. त्या अंगठ्याने तो पाने टाकी आणि डावाच्या फटीत बाईंस दोन ओळी लिही. दोघांची दृष्टभेट कधी जाहली नाही, परंतु थापा मारण्यात दोघेही सारखे, त्यामुळे स्नेह घट्ट. बंदीची बातमी बंदरास पोहोचली तेव्हा तांडेलाने लिहिले, "बाय, खेल बंद झाला त मी बोलू कुनाशी? घरची येतान, पेज भरवतान, 'देवा रे' म्हनतान नि जातान. माझ्याशी भांडनारी तूच एकली हायस." बाईंनी ते दोनदा वाचिले, चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातिला, आणि उत्तर लिहिले, "रडू नका. डाव तुमचा आहे, पाने टाका." आणि त्याच दुपारी कायदे करणाऱ्या सभासदांस पत्रे लिहावयास बसल्या.

मग नवल वर्तले. मसुदा वेशीवर लाविला होता, तो वाचून बाजारात एकच गलबला जाहला. इलाहीभाई तांबोळी, ज्यांचे चौकात विड्याचे दुकान, ते, बाई सभासदांस पत्रे लिहितात हे ऐकोन, धावत बाईंकडे आले आणि म्हणाले, "बाई, आम्ही तर पाने वाटतोही आणि ओल्या फडक्याखाली झाकूनही ठेवतो! आमचं काय होणार?" त्यांचे मागे लग्नाचे आचारी आले, कारण पंगतीत पाने वाढणे हाच त्यांचा धंदा, आणि पुस्तके बांधणारे आले, कारण त्यांचे घरी पानांचे ढीग. बाई म्हणाल्या, "तक्रार करायला आलात की पत्र लिहायला?" आणि सर्वांस ओसरीवर बसवून पत्रे लिहविली, आणि ऱ्हस्वदीर्घाची चूक जाहली त्यास पुन्हा लिहावयास लाविले. सभासदांचे वाड्यांवर पत्रांच्या गोण्या गेल्या. प्रधान घाबरले, आणि त्यांणी मसुद्यास पुरवणी जोडिली की, खावयाचे पान, वाढावयाचे पान आणि वाचावयाचे पान यांस माफी असे. त्यासरशी आचारी गेले, पुस्तकवाले गेले. इलाहीभाई दारात घोटाळत राहिले आणि म्हणाले, "बाई, माझं काम झालं, पण पाय निघत नाही." बाई म्हणाल्या, "मग आत या आणि पाकिटं चिकटवा." ते आत आले.

पुढे सभासदांची उत्तरे येऊ लागली. एका थोर सभासदाने लिहिले, "आपले पत्र पावले. आपल्या गल्लीतील माकडांचा बंदोबस्त सत्वर करण्यात येईल." आणि दुसरे दिवशी खरेच माकडे धरणारे जाळी घेऊन आले. गल्लीत माकड नाही. ते म्हणाले, "हुकूम आहे, रिकाम्या हाताने कसं जाणार?" आणि टेकडीवरून चार माकडे आणोन गल्लीत सोडिली आणि धरू लागले, पैकी दोन धरिली, दोन बाईंच्या कौलांवर राहिली. बाईंनी पुन्हा लिहिले की, मी माकडांविषयी लिहिले नव्हते, पोकराविषयी लिहिले होते, आणि आता माकडे आहेत. उत्तर आले, "माकडांचा बंदोबस्त जाहला हे वाचून संतोष वाटला." तेव्हा बाईंनी लांब पत्रे लिहिणे सोडिले आणि सभापती म्हाळोजीराव यांस एकच ओळ लिहिली, "आपण हा खेळ कधी खेळून पाहिला आहे काय?" या प्रश्नाचे उत्तर दप्तरातील छापील उत्तरांत कोठे सापडेना. कारकुनांनी फार शोधिले. अखेर निरुपाय होऊन सभापतींनी हुकूम केला की, बाईंस सभेत आणोन खेळ दाखविणे, म्हणजे खेळ अकलेचा की नशिबाचा हे ठरेल. नशिबाचा ठरल्यास बंद, अकलेचा ठरल्यास विचार.

नेमिले दिवशी सभा भरली. डावावर लावावयास चिंचोके ठरले, आणि चिंचोक्यांस खजिन्याची मंजुरी घेऊन ते पालखीतून आणिले. बाईंसमोर स्वतः प्रधान बसले. बसतांच म्हणाले, "बाई, आधीच सांगतो. आपण जिंकलात तर नशीब सिद्ध झाले. हरलात तर रयत या खेळात बुडते हे सिद्ध झाले." सभेने माना डोलाविल्या. बाई म्हणाल्या, "आणि मी खेळलेच नाही तर?" प्रधान म्हणाले, "तर खेळाची गरज नाही हे सिद्ध झाले." बाई म्हणाल्या, "बरं आहे. पाने वाटा."

पहिले डावी प्रधानांनी छाती पुढे काढोन चिंचोक्यांची रास पुढे लोटिली आणि उजव्या कानातील भिकबाळी हलकेच फिरविली. बाईंनी शाळेत उभी हयात घालविली होती. पोट दुखते म्हणोन सांगणाऱ्या मुली त्यांणी पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दाखवा." प्रधानांचे हातीं दुर्री आणि सत्ती, जुळणी काही नाही. "नशीब!" ऐसे प्रधान ओरडले. दुसरे डावी प्रधानांनी पुन्हा रास लोटिली, परंतु भिकबाळीस हात लाविला नाही. बाईंनी आपली पाने उघडी करून मेजावर टाकिली. दोन राजे होते. सभा हळहळली. एक वृद्ध सरदार उठोन म्हणाले, "अहो बाई, राजे टाकता?" प्रधानांनी अभिमानाने आपली पाने दाखविली, दोन एक्के होते. मग बाई सभापतींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, नशिबावर खेळणारा माणूस दोन राजे टाकील काय?" सभापती विचारात पडले. बाई पुढे म्हणाल्या, "या खेळात घर घालवणारेही आहेत, मी नाही म्हणत नाही. त्यांना आवरायचा कायदा करा, पहिली सही मी करते. पण बंदरात एक माणूस अंथरुणावर आहे. त्याचा अंगठा तेवढा हलतो, आणि त्या अंगठ्याला दुसरा सोबती नाही. तुम्ही त्याचं यंत्र जप्त करणार. कोण जाणार आहे जप्तीला? हात वर करा." कोणी हात वर केला नाही.

तो रंग पाहोन प्रधान त्वरेने उठले आणि म्हणाले, "भावना पोहोचल्या. परंतु बहुमत माझे पदरी आहे, एकेक सभासद मला वचन देऊन बसला आहे, सबब मते मोजण्यात सभेचा वेळ दवडू नये. टाळ्या वाजवून मसुदा मंजूर करावा." आणि ऐसे बोलतां बोलतां त्यांचा हात कानाशी गेला आणि भिकबाळी फिरली. सभासद टाळ्यांस हात उचलणार, इतक्यात बाई उभ्या राहिल्या आणि वर्गावर म्हणावे तैसे खणखणीत म्हणाल्या, "दाखवा!" सभापतींनी विचारिले, "काय दाखवा?" बाई म्हणाल्या, "मतं." प्रधानांचा चेहरा उतरला. सभापतींनी मोजणीचा हुकूम केला. मसुद्याचे बाजूस हात वर आले ते असे: प्रधानांचा स्वतःचा एक, त्यांचे मेहुण्याचा एक, आणि एका सरदाराने चहा मागविण्यास वर केला होता तो, तोही पुसतांच खाली घेतला. बंदी मोडिली. घर घालविणारांस आवर घालावयाचा निराळा कायदा करावा ऐसे ठरले, आणि चिंचोके मोजून खजिन्यात परत गेले. बाईंनी सभागृहाचे पायरीवर बसोन बंदरास कळविले. तांडेलाने लिहिले, "मना वाटलाच. आता गप बस नि खेल."

पुढे आठवडा लोटला आणि प्रधान वीरभद्रराव, छत्रचामर न घेता, एकटेच बाईंचे दारीं आले. बाईंनी पाणी दिले. प्रधान खाली पाहात म्हणाले, "थाप मारताना माझा हात कानाशी जातो, हे मला घरी कळले. पत्नी म्हणाली, लग्नाच्या बोहल्यावरच तिच्या ध्यानात आले होते. दरबारात सर्वांना ठाऊक होते, बाई. इतकी वर्षे मी पत्ते खेळलो, बुद्धिबळे खेळलो, सर्व मला जिंकू देत होते. आता थाप लपवायची विद्या मला शिकवा." बाई म्हणाल्या, "ती नाही शिकवणार. तुमची थाप कळते म्हणून तर राज्य चाललंय. हरायचं कसं ते शिकवीन. बसा." प्रधान बसले. बाईंनी त्यांस आपले मेजावर घेतिले, आणि बुधाजी तांडेलाने, समोर कोण आहे हे न जाणता, अंगठ्याने त्यांस साफ लुटिले, आणि वर लिहिले, "नवा गडी भोला हाय, उद्या पन धाड." प्रधानांनी ते वाचिले आणि आधी रागे भरले, मग हसो लागले, आणि इतके हसले की डोळ्यांस पाणी आले. मग बाईंकडे आमटीभात जेवले, आणि निघतां निघतां उंबऱ्यात थबकोन पुसते जाहले, "उद्या किती वाजता यावे?"

येणेप्रमाणे पानबंदीचे प्रकरण जाहले. प्रधान हरले, रयत खेळती राहिली, बाईंच्या कौलांवरील दोन माकडांचा बंदोबस्त अद्याप व्हावयाचा आहे. अधिकउणे जाहले असेल ते वाचणाराने सांभाळोन घ्यावे. लेखन पुरे.