पुलापलीकडचं काउंटर

जावईबापूंना आजवर कोणी फसवलं नव्हतं. निदान ते स्वतः तरी तसं सांगत, आणि त्यांच्यासमोर कोणी नाही म्हणत नसे, कारण नाही म्हणणाऱ्यावर त्यांचा लगेच संशय जाई. भाजी घेताना ते तराजूखाली वाकून बघत. दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून आलेल्याच्या चपला बघत. बायको एखाद्या संध्याकाळी गुणगुणत घरी आली, तर "आज काय विशेष?" हे ते अशा सुरात विचारत की त्या बिचारीचं गाणं दारातच अडकून पडे.

सासऱ्यांच्या लाँड्रीत ते हिशेब बघत. तिथे इस्त्रीवाल्यांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. लाँड्री मोठी होती. मशीनं एका जागी आणि कपडे गोळा करायला शहरभर काउंटर. कुठे स्वतःचं दुकान, कुठे दुसऱ्याच्या दुकानात कोपऱ्यात टाकलेलं नुसतं टेबल. काउंटर उघडायचं खातं मेहुण्याकडे होतं. तो महिन्याला एखादं उघडायचा, एखादं बंद करायचा, आणि सध्या किती चालू आहेत असं विचारलं की छताकडे बघत बोटं मोजायला लागायचा. सासरे पूर्वी रोज सगळीकडे चक्कर मारत. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मात्र ते ऑफिसातल्या खुर्चीतून हलत नव्हते.

एक दिवस सासऱ्यांनी दोघांनाही समोर बसवलं.

"मला आता हे कागद वाचवत नाहीत," ते म्हणाले. "कुठलं काउंटर तरतंय आणि कुठलं बुडतंय, ते एका पडद्यावर दिसलं पाहिजे. आकडे टाकले की त्याची चित्रं करून देणारं सॉफ्टवेअर असतं म्हणे."

"असतं ना," मेहुणा म्हणाला. "माझ्या ओळखीची एक कंपनी आहे."

'ओळखीची' म्हटल्याबरोबर जावईबापूंचे कान टवकारले. ओळख आली म्हणजे टक्केवारी आली, आणि टक्केवारी आली म्हणजे मेहुण्याचा खिसा आला. हे सगळं त्यांना मेहुण्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच दिसलं.

"निवड जावईबापू करतील," सासरे म्हणाले. "ते कोणाला फसत नाहीत."

जावईबापूंची छाती फुगली. त्यांनी तीन कंपन्या बोलावल्या: दोन स्वतः शोधलेल्या आणि तिसरी मेहुण्याच्या ओळखीची. तिला डावललं असतं तर 'जावई जळतो' असं झालं असतं. तिला बोलवायचं आणि सर्वांसमोर उघडी पाडायची, असा त्यांचा बेत होता.

तिन्ही कंपन्यांना सारखेच आकडे द्यायचे होते. ते देताना जावईबापूंनी एक सापळा रचला. खोलीचं दार लावून घेतलं आणि खऱ्या काउंटरांच्या शेवटी एक खोटं काउंटर घुसडून दिलं. नाव दिलं, पुलापलीकडचं. पत्ता ठोकला, पुलाच्या उताराला, औषधांच्या दुकानाशेजारी, जिथे प्रत्यक्षात नुसती मोकळी भिंत होती. जो या खोट्याला खरं म्हणेल तो लबाड किंवा मठ्ठ. जो पकडेल तो आपला.

वाटेल ते आकडे टाकून ते मोकळे झाले असते. पण लिहिता लिहिता त्यांचा हात रंगला. पुलापलीकडे कपडे कधी उशिरा गेले नाहीत. डागाची तक्रार नाही, साड्यांची अदलाबदल नाही, दोन वर्षांत एक बटण तुटलं नाही. गिऱ्हाईक दर महिन्याला वाढतंच आहे. जावईबापूंनी आयुष्यात ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा एकच माणूस या पृथ्वीवर होता: पुलापलीकडच्या काउंटरवर बसणारा. कारण तो नव्हताच.

आकडे पाठवल्यानंतर काही दिवसांनी तिसऱ्या कंपनीच्या बाईंचा फोन आला.

"साहेब, एक विचारायचं होतं. ते पुलापलीकडचं काउंटर खरं आहे ना?"

"म्हणजे?" जावईबापू सावध झाले.

"मोठी सुट्टी आली की तुमची बाकीची सगळी काउंटरं खाली येतात. हे एकटंच वर जातं. आणि एकसुद्धा तक्रार नाही, असं धुणं मी तरी बघितलं नाही. कोणीतरी घरी बसून लिहिल्यासारखं वाटतंय. काढून टाकू का?"

सापळ्यात उंदीर सापडावा म्हणून माणूस सापळा लावतो. इथे उंदराने फोन करून कळवलं होतं की सापळा आहे. दुसरा कोणी असता तर त्याने तिथल्या तिथे या बाईंना काम देऊन टाकलं असतं. पण जावईबापूंना वाटलं, हिला इतक्या चटकन कळलं कसं? मेहुण्याने माझी फाईल चोरून बघितली आणि हिला सांगितलं. आता ही हुशारी दाखवून काम लाटणार.

"काही काढू नका," ते थंडपणे म्हणाले. "आकडे अगदी खरे आहेत. मी स्वतः तपासलेत."

"तुम्ही म्हणता तर ठेवते," बाई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी तिघेही आपापलं सॉफ्टवेअर घेऊन ऑफिसात हजर झाले. पहिल्या कंपनीच्या माणसाने पडद्यावर गोल काढले. जेवढा धंदा मोठा तेवढा गोल मोठा. पुलापलीकडचा हिरवा गोल इतका फुगला की बाकीची काउंटरं त्याच्याखाली पिल्लांसारखी दडली. "हा तुमचा हिरा," तो म्हणाला. जावईबापूंनी मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

दुसऱ्याने नकाशा आणला होता. न सापडणारा पत्ता त्याच्या सॉफ्टवेअरने आपल्या अकलेने लावून टाकला होता आणि काउंटरची खूण बरोबर नदीच्या मधोमध रोवली होती. "जागा मोक्याची दिसते," दुसरा म्हणाला. "पाण्याची सोय आहे." त्याच्यावरही काट बसली.

मग तिसऱ्या कंपनीच्या बाई उठल्या. जावईबापू खुर्चीत पुढे सरकून बसले. बाईंच्या पडद्यावर गोल नव्हते, नकाशाही नव्हता. साध्या आडव्या पट्ट्या होत्या. सगळ्यात वर हिरवी लांबलचक पट्टी, सगळ्यात खाली एक आखूड लाल पट्टी.

"या वरच्या काउंटरचे आकडे मला जरा खोटे वाटले होते," बाई म्हणाल्या, "पण जावईबापूंनी स्वतः तपासून खात्री दिली आहे."

सासऱ्यांनी कौतुकाने जावयाकडे बघितलं.

"हिने निदान विचारलं तरी," सासरे म्हणाले. "पहिल्या दोघांनी गोड बोलून माना डोलावल्या. हिचंच सॉफ्टवेअर घ्या. आणि हे पुलापलीकडचं कोणी उघडलं रे?"

मेहुण्याने छताकडे बघितलं. बोटं मोजली. "मीच उघडलं असेन," तो म्हणाला. वडिलांचा चेहरा फुलला, तसा त्याचाही आवाज चढला. "हो, मीच उघडलं."

पकडला! जावईबापूंच्या जिभेवर आलं होतं. पण मेहुण्याला खोटं पाडायचं तर आकडे खोटे ठरवायचे, आणि आकड्यांची खात्री कोणी दिली होती, ते आत्ताच बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं.

"आणि ही लाल कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं. ती लाल पट्टी चौकातल्या काउंटरची होती, आणि चौकातलं काउंटर जावईबापूंची बायको चालवत होती. लग्नाच्या आधीपासून.

"माझी मुलगी आहे म्हणून मी डोळे झाकले, तर हे सॉफ्टवेअर घेतलं कशाला?" सासरे म्हणाले. "चौकातलं बंद करा."

त्या संध्याकाळी जावईबापू घरी आले तेव्हा बायकोला सगळं आधीच कळलं होतं. ती रडली नाही. हातातल्या शर्टाची घडी घालत राहिली.

"लाल का आहे, ते विचारलं का कोणी?" ती म्हणाली.

"तुझ्याकडे कपडे उशिरा मिळतात."

"मिळणारच. उसवलेलं दिसलं की मी शिवून देते. त्याचे पैसे घेत नाही. तुमच्या पडद्यावर त्याला कुठला रंग आहे?"

ज्या माणसाला अख्ख्या जगाचा संशय, त्याला त्या क्षणी फक्त स्वतःची लाज वाटत होती. ती लाज गिळवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी ते सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"बाबा, पुलापलीकडे आपलं काउंटर नाही."

"पडद्यावर आहे की."

"ते मी घातलं होतं. कोण फसतंय बघायला."

"तुम्ही खात्री दिली होतीत."

"तीही खोटी होती."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "जावईबापू, मुलाने आयुष्यात एक काम नीट केलं. ते तुम्हाला बघवत नाही, हे मला नव्हतं वाटलं."

जावईबापू जन्मभर दुसऱ्यांच्या खऱ्यावर अविश्वास दाखवत आले होते. आपल्या खऱ्यावर कोणी अविश्वास दाखवला की कसं वाटतं, ते त्यांना आज कळलं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," ते हट्टाने म्हणाले. "मोकळी भिंत दाखवतो."

"सुट्टीच्या दिवशी जाऊ," सासरे म्हणाले. "गाडीत उशी ठेवा."

मधल्या दिवसांत जावईबापूंना बायकोचंही काही ठीक दिसेना. ती सकाळी लवकर डबा घेऊन बाहेर पडायची, कुठे ते सांगायची नाही. मेहुण्याचा फोन आला की उठून गॅलरीत जायची. एका संध्याकाळी तिच्या नखाला निळा रंग लागला होता. भाऊ आणि बहीण मिळून वेगळी लाँड्री काढतायत, याबद्दल जावईबापूंना आता तिळमात्र शंका उरली नाही.

सुट्टीच्या दिवशी गाडी पूल उतरली. औषधांचं दुकान दिसलं. "इथे थांबव," जावईबापू ड्रायव्हरला म्हणाले आणि मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवायला त्यांनी हात उचलला.

तिथे भिंतीला लागून निळ्या रंगाचं पत्र्याचं दुकान होतं. वर लाँड्रीची पाटी होती. आत कपड्यांचे गठ्ठे होते, स्टुलावर मेहुणा घाम पुसत होता आणि काउंटरमागे त्यांची बायको उभी होती.

जावईबापूंना पहिल्यांदा स्वतःचाच संशय आला. आपण हे दुकान खोटं म्हणून लिहिलं होतं, की खरंच होतं आणि आपण विसरलो? सासरे काठी टेकत उतरेपर्यंत ते धावतच काउंटरपाशी गेले.

"टेकू नका, रंग ओला आहे," बायको हळूच म्हणाली. "तो माझ्याकडे रडत आला. ताई, बाबांना हो म्हणून बसलो आणि तिथे तर काहीच नाही. म्हटलं, उघडू या. चौकातलं गेलंच आहे, मी इथे बसते."

"पण ते आकडे..."

"ते कोणी लिहिले हे मला तेव्हाच कळलं. एक बटण हरवत नाही असं दुकान या जगात दुसरं कोण मागतं? आता खरं बोलायची हौस असेल तर बोला. हेही जाईल, आणि मी घरी बसेन."

सासरे आत आले. त्यांनी भिंती बघितल्या, गठ्ठे बघितले, मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"काय हो जावईबापू? मोकळी भिंत कुठे आहे?"

मेहुण्याने डोळे मिटून घेतले. बायको एकटक नवऱ्याकडे बघत राहिली.

"माझीच चूक झाली, बाबा," जावईबापू म्हणाले. "काउंटर आहे."

एवढ्यात एक लठ्ठ गृहस्थ शर्ट घेऊन आत आले आणि तो त्यांनी काउंटरवर आपटला.

"हे बघा. बटण गेलं. दोन वर्षं तुमच्याकडे कपडे टाकतोय, असं कधी झालं नव्हतं."

जावईबापूंनी शर्ट उचलला. बटणाच्या जागेवरचा धागा जुनाट होता, काळवंडलेला होता. दुकानाचा रंगही अजून वाळला नव्हता आणि हा माणूस दोन वर्षांचा हिशेब सांगत होता. इतका धडधडीत खोटारडा त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. अशा माणसाची तर ते जन्मभर वाट बघत होते. जीभ वळवळायला लागली.

"जुनं गिऱ्हाईक," सासरे समाधानाने म्हणाले. "ओळखता ना जावईबापू?"

बायकोने सुई-दोरा पुढे सरकवला.

"ओळखतो की," जावईबापू म्हणाले. "चांगलं ओळखतो." आणि ते स्टुलावर बसून बटण लावायला लागले.

गृहस्थ काउंटरवरून वाकले आणि त्यांच्या हातांवर डोळा ठेवून उभे राहिले.

"दोरा पक्का वापरा हं," ते म्हणाले. "मी इथेच उभा आहे. हल्ली कोणाचा भरवसा राहिलेला नाही."

"खरं आहे," जावईबापू म्हणाले.