यंदा केक फार पितो

रम सोडलेल्या माणसाचं तोंड कसं, कडू काढा प्यायल्यासारखं असायला हवं. मिस्तरींचं तसं काहीच नव्हतं, आणि माईंची तक्रार नेमकी हीच होती. डॉक्टरांनी रम बंद केली, मिस्तरींनी सगळ्या घरासमोर "रमचा थेंब ओठाला लावणार नाही" अशी शपथ घेतली, आणि तरी महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी कोठीच्या खोलीतून शीळ घालत बाहेर येत होता. वर सुनेसमोर माईंना विचारत होता, "काय म्हणतेस, राणी?"

चाळीस वर्षांच्या संसारात राणी कधी नव्हती. आता कुठून उगवली?

"शुद्धीतला नवरा बायकोशी इतकं गोड बोलत नाही," माई सुनेला म्हणाल्या. "कुठंतरी पाणी मुरतंय."

"पण आई, बाटली तर जशीच्या तशी आहे."

बाटली म्हणजे दरवर्षी सुट्टीत सगळी माणसं जमली की कापायच्या केकसाठी आणलेली रमची बाटली. ती ओट्यावर उघड्यावर उभी होती, आणि रम जिथवर होती तिथं माईंनी लाल दोरा बांधून ठेवला होता. दोऱ्याखाली एक केसभरही काही उतरलं नव्हतं. उतरलं असतं तरी माईंचं काही बिघडणार नव्हतं. बाटलीत कोरा चहा होता. खरी रम त्यांनी आपल्या गुडघ्याच्या तेलाची बाटली धुऊन तिच्यात भरली होती आणि उशाशी ठेवली होती. त्या तेलाच्या वासाची सगळ्या घरानं इतकी धास्ती घेतली होती, की त्या बाटलीकडे कुणी ढुंकून बघत नसे. माई चार इयत्ता शिकल्या होत्या, पण मिस्तरींना ओळखायला तेवढ्या पुरेशा होत्या.

तेव्हा मिस्तरी पितात तर पितात काय? माईंनी त्यांची गवंडीकामाच्या हत्यारांची पिशवी उपडी केली. जुन्या बुटांत हात घातला. न्हाणीघरातली बादली हुंगली. हाती काही लागलं नाही.

त्यांना एवढ्या चौकशा करायलाही सवड नव्हती, कारण यंदा केकवर त्यांची अब्रू टांगलेली होती. गेल्या वर्षी नणंदबाईंनी केकचा घास चावता चावता कवळी काढून बशीत ठेवली होती आणि वीस माणसांदेखत सांगितलं होतं, "वहिनी, केक माझ्या आईच्या पद्धतीचा आहे, वीट नव्हे. पुढच्या खेपेला असाच झाला तर यापुढे केक माझ्या घरी होईल."

म्हणून यंदा माईंनी हात सैल सोडला. बेदाणे, अंजीर, संत्र्याची साल, सगळं दीडपट. महिनाभर आधी केक भाजला, कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घातला, डबा कोठीत ठेवला, आणि रोज सकाळी झाकण उघडून वरून उशाच्या बाटलीतली दोन चमचे खरी रम पाजायला सुरुवात केली. केकही असा गुणी, की चमचा ओतावा आणि क्षणात गडप.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "भट्टी जमली की केक असा पितो."

दोनाचे चार चमचे झाले. चाराची अर्धी वाटी झाली. केक काही नको म्हणेना. आणि मिस्तरींची शीळ दिवसेंदिवस लांबत चालली.

कापायच्या दिवशी नणंदबाई नवी कवळी आणि स्वतःची सुरी घेऊन आल्या. "तुमच्या सुरीची धार गेल्या वर्षी गेली असेल," म्हणाल्या. सगळी माणसं टेबलाभोवती जमली. माईंनी केक ताटात काढला. वरून काळाभोर, चकचकीत. नणंदबाईंनी जोर लावायला बाह्या सावरल्या, सुरी टेकवली, आणि सुरी लोण्यातून जावी तशी थेट ताटाला लागली.

तुकडा बाजूला झाला. वर बोटभर काळं कवच, आणि आत फिकट तपकिरी, ओलसर, मऊ असं काहीतरी, जे माईंनी जन्मात केलं नव्हतं.

सुनेनं माईंकडे पाहिलं. माईंनी मिस्तरींकडे पाहिलं. मिस्तरी छताकडे पाहत होते, जणू तिथं गिलावा उडालाय.

नणंदबाईंनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. माईंच्या हातातला रुमाल पिळून दोरी झाला.

"वहिनी," नणंदबाई म्हणाल्या, "कवळी काढून खाल्ला तरी चालेल असा झालाय! आत काय घातलंत?"

"ते घरातलं गुपित आहे," माई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. त्यांनाही ठाऊक नव्हतं. "अहो, जरा आत या. बशा कमी पडतायत."

स्वयंपाकघराचं दार लागलं.

"बोला."

"शपथ पाळली मी," मिस्तरी घाईनं म्हणाले. "थेंब ओठाला लावला नाही. चावून खाल्लं."

"कुठून?"

"तळातून. वरून खाल्लं असतं तर तुला दिसलं असतं. मी खालून काढायचो, तू वरून ओतायचीस."

"आणि मी म्हणत होते केक पितो!"

"काल रात्री बघितलं तर नुसतं छप्पर उरलेलं. आता छप्पर अधांतरी सोडून चालतं का? तुझी मान खाली गेली असती. मग पाव कुस्करला, मध घातला, मनुका घातल्या, भर घातली आणि थापीनं दाबून तळ सपाट केला."

"थापी धुतली होती?"

"दोनदा. आणि पाव भिजवायला ती ओट्यावरची तुझी बाटली सबंध रिकामी केली गं. काळजावर दगड ठेवून, नाक दाबून. एक थेंब चाखला नाही."

"चहा होता तो."

मिस्तरींनी ओट्याचा आधार घेतला. "चहा? महिनाभर मी त्या बाटलीसमोरून मान फिरवून जात होतो... ते चहासाठी?"

बाहेरून नणंदबाईंचा आवाज आला, "वहिनी, केक तुमच्याकडेच राहू दे बाई! पुढच्या वर्षी मात्र दोन करा. आणि अगदी असेच!"

माईंनी कमरेला खोचलेला पदर सोडला आणि मिस्तरींच्या खांद्यावर एप्रनसारखा टॉवेल टाकला.

"ऐकलंत? दोन. अगदी असेच. चाळीस वर्षं मी राबले आणि लोक म्हणत आले, मिस्तरींनी संसार काय छान केलाय! आता केक तुम्ही करायचा, आणि नाव माझं होऊ द्यायचं."