नानांच्या आवाजातला दुसरा माणूस

सुरक्षाप्रमुख नानांनी बैठकीच्या खोलीचं दार ओढून घेतलं, ते 'टक' करून बंद झालं आणि तिघेही समाधानानं खुर्च्यांवर टेकले. दार नवं होतं. आतला शब्द बाहेर जात नव्हता, काच दुधी होती आणि आत यायला काय नि बाहेर जायला काय, कार्ड लागत होतं. ही सगळी मागणी नानांचीच.

तीन वाजता संचालक येणार होते. सुरक्षेचं सगळं खातंच बाहेरच्या एका कंपनीकडे सोपवावं, असं त्यांच्या मनात घोळत होतं. त्याआधी 'आजच्या कार्यालयापुढचे धोके' या विषयावर बोलायची एक संधी त्यांनी नानांना दिली होती. ती हुकली की नाना, त्यांचा कॅमेरेवाला आणि त्यांचा पासवर्डवाला, तिघांनाही नारळ मिळणार होता. एकेकाळी या तिघांनी एकाच फाटकावर पहारा केला होता. आता ते तीन मजल्यांवर बसत आणि एकमेकांना 'दक्ष राहा' अशा मेल पाठवत.

"धोका पहिला, माणूस," नाना म्हणाले. "कुणी जरा गोड बोललं की आपला माणूस दार उघडून मोकळा."

"पूर्वी धोका भुंकत यायचा," कॅमेरेवाला म्हणाला. "आता 'आपले अभिनंदन' म्हणत येतो."

"परवा एकाला विचारलं, पासवर्ड कुठे लिहून तर ठेवत नाही ना?" पासवर्डवाल्यानं सुस्कारा सोडला. "म्हणाला, छे हो, लिहायचं कशाला? शेजारच्याला पाठ आहे."

"हे भाषणात घालूच," म्हणत नाना चष्मा आणायला उठले. कार्डासाठी त्यांनी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. वळून पाहिलं तर बाकीचे दोघेही आपापले खिसे चाचपत होते.

गुप्त बैठकीला बसण्याआधी फोन आणि कार्डं बाहेरच्या खणात ठेवायची, हा नियम नानांनी नुकताच काढला होता. कार्डात चिप असते, आणि चिप म्हटली की ती ऐकणारच, असं त्यांचं मत होतं. आजवर हा नियम कुणी म्हणजे कुणीही पाळला नव्हता. पहिल्यांदा पाळला तो या तिघांनी.

टेबलावर आतल्या आत बोलायचा एक फोन तेवढा होता. नानांनी तो उचलून स्वागतकक्षाला लावला.

"पोरी, मी नाना बोलतोय. बैठकीच्या खोलीत अडकलोय आम्ही. कुणाला तरी पाठव आणि दार उघड."

"कोण नाना?"

"कोण नाना काय? अगं, मी!"

"सकाळी पण एक जण नानांच्या आवाजात बोलला," स्वागतिका थंडपणे म्हणाली. "कार्ड विसरलोय, मागचं दार उघड म्हणे. त्याचा आवाज तुमच्यापेक्षा जास्त नानांसारखा होता." आणि तिनं फोन ठेवला.

आता पासवर्डवाला पुढे सरसावला. "तुला फोनवर खोलीचा नंबर दिसतोय ना?"

"नंबर खोटाही पाडता येतो, तेव्हा भुलू नका, असं आम्हाला शिकवलंय."

"कुणी?"

"पासवर्डवाल्या सरांनी."

तो 'मीच तो' म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

"तिला कॅमेऱ्यात बघायला सांगा की," नाना म्हणाले.

कॅमेरेवाला छताकडे बघत राहिला. "कालच काढला मी इथला. गुप्त बैठक ना."

नानांनी पुन्हा फोन लावला. "तू स्वतः येऊन बघ ना!"

"जागा सोडायची नाही, हा नानांचा नियम आहे."

"मग तो मीच मोडतो! लवकर ये!"

"नियम मोडायला सांगणारा आणि घाई करणारा, दोघेही चोर समजायचे, असं नानाच म्हणतात. तुम्ही तर दोन्ही करताय."

नाना मटकन खाली बसले. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? तीन वाजत आले होते. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तिघेही जुन्या गोष्टींत शिरले. असं एकत्र बसून किती वर्षं झाली, कुणालाच सांगता येईना.

"एक कुलूप, एक किल्ली आणि तिघांत मिळून एक टॉर्च," कॅमेरेवाला म्हणाला. "तोही आपटल्याशिवाय लागायचा नाही."

"नानांना तर प्रत्येकाचं घरदार ठाऊक," पासवर्डवाला म्हणाला. "कुणाची आई आजारी, कुणाच्या पोराची परीक्षा. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की त्याला फाटकातच थांबवून घ्यायचे."

"आता मला त्यांचे कार्डाचे नंबर ठाऊक आहेत," नाना म्हणाले. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

"आणि आपल्या फाटकावर चोरी झाली ती एकच!" कॅमेरेवाला खिदळला. "वहिनींची चप्पल! चांभाराकडून शिवून आणलेली, नानांच्या केबिनमधून गेली. तपकिरी, पट्ट्याला कडी. आम्ही आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत होतो."

नाना हसले नाहीत. त्यांनी फोन जवळ ओढला आणि हळूच म्हणाले, "पोरी, ठेवू नको. मी दार उघड म्हणत नाही. तू करतेयस तेच बरोबर आहे. संचालक आले तर एवढंच सांग, की नानांनी माणसं चांगली घडवली होती."

या वेळी तिनं फोन ठेवला नाही. दार उघडू नको म्हणणारा चोर तिला कुणी शिकवला नव्हता.

"मी मुलाखतीला आले होते," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा फाटकावर काय झालं होतं?"

नानांनी दोघांकडे पाठ केली. फोनला हाताचा आडोसा धरला. "एका पायात काळी चप्पल होती, एका पायात निळी. फाटकात आल्यावर तुझ्या लक्षात आलं आणि तू रडत परत निघालीस."

"मग?"

"मग मी तुला चप्पल दिली. हरवलेल्या वस्तूंच्या खणातली आहे म्हणालो."

"कशी होती?"

"तपकिरी," नाना पुटपुटले. "पट्ट्याला कडी."

मागे दोन खुर्च्या एकदम करकरल्या.

ती पळतच आली आणि दार उघडलं. तिनं जागा सोडली, पण त्यावर नाना काही बोलले नाहीत. खणात तिन्ही फोन वाजत होते. संचालक स्वागतकक्षात उभे होते आणि त्यांच्या शेजारी बाहेरच्या कंपनीचा एक हिरमुसलेला गृहस्थ होता. कुठल्याही कार्यालयात नुसत्या गोड बोलण्यावर शिरून दाखवतो, अशी त्यानं पैज मारली होती. सकाळी नानांच्या आवाजात बोलला तो हाच.

"खातं तुमच्याकडेच राहील," संचालक म्हणाले. "बाहेरच्याला आत येता येत नाही, हे सिद्ध झालंय."

"आतल्याला बाहेरही जाता येत नाही," कॅमेरेवाला बोलून गेला, आणि नानांनी त्याचा पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी स्वागतिकेनं नानांच्या हातात एक पिशवी ठेवली. "नोकरी लागली म्हणून जपून ठेवली होती. हरवलेल्या वस्तूंत परत जमा करा नाना. कुणाची तरी असेल."

संध्याकाळी पिशवी उघडताच बायको ओरडली, "अगंबाई, माझीच की! चोर सापडला?"

"सापडला."

"कोण होता मेला?"

"फाटकावरचा पहारेकरी," नाना जमिनीकडे बघत म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं!" बायको म्हणाली. 'स्वतःच्या बायकोची चप्पल राखता आली नाही', हे तिनं नानांना इतकी वर्षं चारचौघांत ऐकवलं होतं, आणि त्यांनी एका पोरीची लाज राखण्यासाठी ते निमूट ऐकून घेतलं होतं. तिनं पदरानं डोळे टिपले, चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, "चला, जरा फिरून येऊ."

बाहेर पडल्यावर नानांनी सवयीप्रमाणे कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

"कशाला ओढून बघताय?" बायको म्हणाली. "चोर तर माझ्याबरोबर निघालाय."