चाकाला हात लावायचा नाही

फिटरचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. डोंगरावरच्या प्राणीगणनेला चार दिवस उरले होते आणि साडूने त्याला कड्यावरच्या टेहळणीवरून काढून पायथ्याशी वही सांभाळायला बसवलं होतं. हा साडू चष्म्याचा दुकानदार आणि वर गावच्या निसर्गमंडळाचा गणनाप्रमुख. कारण काय, तर गेल्या वर्षी फिटरने समोरच्या डोंगरावर अस्वल पाहिलं, वहीत नोंदवलं, आणि जवळ जाऊन बघितलं तर तो दगड निघाला. अरे, होतं माणसाकडून! वीस वर्षं कड्यावर बसलेल्या माणसाच्या हातात वही देणं म्हणजे सगळ्यांसमोर नाक कापणंच झालं. दोष मंडळाच्या जुनाट दुर्बिणीचा आहे, हे त्याने बायकोला आठ वेळा सांगितलं. नवव्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "मग स्वतःची घ्या ना एकदाची."

तो तडक दुर्बिणीच्या दुकानात गेला आणि सगळ्यात मोठा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण, मागितला. दुकानदाराने भल्यासाठी सांगितलं की साठपट मोठं करून बघितलं की उन्हात नुसती हवा थरथरताना दिसते, आणि हे धूड तिपाईसकट डोंगरावर न्यायचं म्हणजे पाठीचा भुगा. चालणाऱ्याने मधला, हलका घ्यावा. तीस वर्षं लोखंड उचलणाऱ्याला हा वजनाचं शिकवतोय, म्हणून फिटर आणखी तापला.

दुकानदाराने स्कोप खिडकीत लावला, लांबच्या पाण्याच्या टाकीवरचं कबुतर नेमकं धरलं आणि बजावलं की फोकसच्या चाकाला हात लावू नका, नीट लावून दिलंय. डोंगरावरही साडूचा हाच शिरस्ता होता. एकदा त्याने चाक फिरवून दिलं की सगळ्यांनी रांगेने डोळा लावायचा, चाकाला शिवायचं नाही. फिटरने वाकून बघितलं. करड्या रंगाचा गोळा. दुसरा स्कोप, तोच गोळा. पाचव्याला त्याचा तोल गेला. एवढे पैसे घेऊन तुम्ही लोकांना धुकं विकता का, असं त्याने भर दुकानात विचारलं.

दुकानदारही शेवटी माणूसच. "मग फिरवा चाक, तुमच्या मनासारखं होऊ दे," तो म्हणाला.

फिटरने चाक फिरवलं आणि कबुतर पिसांसकट समोर येऊन बसलं. आता दुकानदाराने डोळा लावला, तर त्याला गोळा.

"दुर्बिणीत खोट नाही, काका," तो म्हणाला. "तुमच्या चष्म्याचा नंबर चुकलाय."

एवढं ऐकायचा अवकाश, फिटरच्या रागाला योग्य पत्ता मिळाला. मधला, हलका स्कोप त्याने घेतला, तिपाई काखोटीला मारली आणि साडूच्या दुकानात शिरला. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत त्याने चष्मा काउंटरवर आपटला आणि साडूला सुनावलं, की चुकीची भिंगं तू द्यायचीस, दगडाचं अस्वल मी करायचं, आणि वर वहीही मलाच.

साडूने चष्मा उचलून काच पुसली. "भिंगं तुमच्या तपासणीप्रमाणेच आहेत, दादा."

"तपासणीत मी शेवटची ओळ वाचली होती."

"हो. भिंतीवरचा तो अक्षरांचा तक्ता तुम्हीच ठोकलाय. तुम्हाला तो पाठ आहे, दर तपासणीला तसाच म्हणता. परवा तर मी दिवा लावायच्या आधीच तुम्ही वाचून मोकळे झालात."

बाकावरचं एक गिऱ्हाईक खोकलं. फिटरचे कान तापले. "मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्हाला बोलणार कोण? तुमच्या घरी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'घेऊ दे दुर्बीण. तिला शिव्या घालतील, आपण तरी सुटू.'"

फिटर काहीतरी जळजळीत बोलणार होता. पण आपण ज्याच्यावर ओरडणार तो यात कुठे चुकलाय, हे काही केल्या सापडेना. तो तपासणीच्या खुर्चीत दाणकन बसला. साडूने तक्ता काढून कपाटातला दुसरा लावला.

पहिली ओळ फिटरने वाचली. दुसरी अडखळत वाचली. तिसरीपाशी तो थांबला. डोळे बारीक केले, मान पुढे काढली. दोन्ही गिऱ्हाइकं वाट बघत होती.

"दिसत नाही," तो म्हणाला.

साडूने नंबर लिहून घेतला, मग गणनेची यादी पुढे ओढली आणि कड्यासमोर त्याचं नाव घातलं.

"अरे, मला दिसत नाही म्हणतोय मी!" फिटर खेकसला.

"हेच गेल्या वर्षी म्हणाला असतात, तर कड्यावरून तुम्हाला कोणी हलवलं असतं का?" साडू म्हणाला. "चष्मा शुक्रवारी न्या."