सोडलेलं वळण

सगळी कॉलनी त्यांना नेमकाकू म्हणते. घरात काही मनासारखं व्हायचं असलं की काकू देवासाठी आवडती गोष्ट सोडतात. मुलीच्या परीक्षेसाठी साखर सुटली, जावयाच्या नोकरीसाठी दुपारची झोप.

यजमान जिन्यावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि गाडीची किल्ली अचानक काकूंच्या हातात आली. क्लास लावून त्यांनी हात जोडले, "देवा, लायसन्स मिळू दे. उजवीकडे वळणं सोडीन!" (उजव्या वळणाची त्यांना धडकीच भरायची. पण देव काय एवढं तपासत बसतो?)

लायसन्स मिळालं आणि प्लास्टर काढायचा दिवस आला. डॉक्टर अकरा वाजता निघून आठ दिवस गावाला जाणार होते. म्हणजे उशीर झाला, तर आणखी आठ दिवस यजमान प्लास्टरमध्ये फूटपट्टी घालून खाजवत बसणार! दवाखाना चौकातून उजवीकडे, हाकेच्या अंतरावर.

"अगं, उजवीकडे! उजवीकडे!"

"सोडलंय मी."

"काय सोडलंयस?"

"उजवीकडे वळणं."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की!"

मग डावीकडे, पुन्हा डावीकडे. पुढे रस्ता खणलेला, म्हणून आणखी डावीकडे.

"ही पाण्याची टाकी तिसऱ्यांदा आली," यजमान कळवळले.

"पाहून घ्या. सहा आठवडे घरातच होतात."

अकराला दोन मिनिटं असताना गाडी दवाखान्यापाशी थांबली. डॉक्टरांनी खांद्यावरची बॅग उतरवली, प्लास्टर काढलं आणि काठी देऊन ते म्हणाले, "आता थोडं थोडं चालायचं."

बाहेर काकूंनी गाडीचं दार उघडून धरलं. यजमानांनी गाडीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. "मीही वाटेत नवस बोललो. वेळेत पोचलो तर घरी चालत जाईन."

"इतकी श्रद्धा!" काकूंचे डोळे भरून आले. "सावकाश या. मी पुढे जाऊन चहा टाकते."

परतीचं वळण डावंच होतं, काळजी नव्हती. मग घराचं फाटक दिसलं. तेही उजव्या हाताला! काकूंनी फाटकाला नमस्कार केला आणि गाडी सरळ पुढे नेली.

काकूंनी बेल वाजवली तेव्हा दार यजमानांनी उघडलं. चहा होऊन, पिऊन, कप विसळून पालथा घातलेला.

"ये," ते म्हणाले. "टाकी बरी आहे ना?"